घरून होतं ते

घर विकायचं ठरलं की माणसं आधी भिंतींना रंग देऊन घेतात. आमच्या ह्यांनी धंदा विकायचा ठरवला आणि सगळ्यात आधी स्वतःचा आवाज बदलून घेतला. इतकी वर्षं फोन उचलून 'हां, बोला' म्हणणारा माणूस एकदम 'गुड मॉर्निंग' म्हणायला लागला. मग टँकरला रंग झाला, शेडचे पत्रे बदलले, कामावरच्या माणसांना चमकत्या पट्ट्यांची नवी जाकिटं आली, जीपच्या फाटक्या सीटांना कव्हरं शिवून झाली. गिऱ्हाइकाच्या नजरेस जे जे पडणार होतं ते सगळं घासूनपुसून लख्ख झालं. मी गिऱ्हाइकाच्या नजरेस पडणार नव्हते, त्यामुळे मला कोणी हात लावला नाही.

धंदा काय, तर हेलिकॉप्टर उतरवायचा. हे ऐकून लोक आधी हसतात, मग 'म्हणजे नक्की काय' असं विचारतात. हे हवाई दलात होते, जमिनीवरच्या कामात. लवकर पेन्शन घेऊन लोणावळ्याला आले तेव्हा आमच्या भागात बंगले आणि रिसॉर्टं भराभर वाढत होती, आणि तिथे येणाऱ्यांना घाटातल्या गर्दीत बसायचा कंटाळा होता. कोणाच्या मुलाला घोड्याऐवजी हेलिकॉप्टरमधून मांडवात उतरायचं असायचं, कोणा पुढाऱ्याला सभा गाठायची असायची, कधी एखाद्या आजारी माणसाला तातडीने मुंबईला न्यायचं असायचं. पायलट उडवतो, पण तो उतरणार तिथे खाली कोणीतरी लागतं. सरकारी परवानग्या काढायच्या, जागा सपाट करायची, चुन्याने गोल आखून मध्ये मोठा एच काढायचा, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारायचं, वारा कुठून आहे ते कळावं म्हणून पट्ट्यापट्ट्यांची कापडी पिशवी उंच काठीला लावायची, आग विझवायची नळकांडी घेऊन उभं राहायचं, आणि ऐनवेळी आत घुसणारी गुरं नि व्हिडिओ काढणारी पाहुणेमंडळी हाकलायची. तिकोणा पेठेत गडाच्या पायथ्याशी जागा भाड्याने घेऊन आम्ही कायमचं हेलिपॅड केलं होतं. बाकी कार्ले असो, मळवली असो, जिथे लग्न असेल तिथे तात्पुरतं.

ही झाली दिसणारी कामं. एक काम दिसत नव्हतं, ते माझ्याकडे होतं.

मुंबईहून निघालेलं हेलिकॉप्टर आमच्याकडे घाटावरून येतं, आणि घाटाचा काही नेम नसतो. पनवेलला ऊन, पुण्याला ऊन आणि मध्ये खंडाळ्याला समोरचा माणूस दिसत नाही, हे आम्हाला रोजचं आहे. विमानतळावर हवामान सांगणारे असतात, ते विमानतळाचं सांगतात. घाटाचं सांगणारं कोणी नाही. धंदा नवा होता तेव्हा एकदा सकाळी घरचा फोन वाजला. हे पेठेत होते, आणि पवना धरणाच्या त्या बाजूला तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. फोनवर पायलट. म्हणाला, मॅडम, निघायचंय, तुमच्या खिडकीतून जरा बघून सांगा कसं आहे. मी गॅलरीत गेले. आमची गॅलरी घाटाच्या बाजूला आहे, समोर नागफणीचा सुळका. सुळका स्वच्छ होता, पण त्याच्या खालची दरी ताकाने भरल्यासारखी पांढरी होती आणि ते पांढरं हळूहळू वर येत होतं. मी जे दिसलं ते तसंच सांगितलं. तो म्हणाला, मग थांबतो, तासाभराने परत करतो. तासाभराने सुळकाही दिसत नव्हता.

त्या पायलटने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. फोन यायला लागले ते सकाळी उजाडायच्या सुमारास, आणि माझी शाळा सकाळची. मी भूगोल शिकवायचे. हे म्हणाले, 'कोणीतरी फोनपाशी पाहिजे गं.' कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी शाळेतली कायमची नोकरी सोडली आणि घरी दहावीच्या शिकवण्या सुरू केल्या. शाळेतल्या मैत्रिणींना वाटलं, नवऱ्याचा धंदा जोरात आहे, हिला आता कशाला नोकरी.

काम म्हटलं की मला ते नीट करायची खोड आहे. मी रोज बघायला लागले. गॅलरीतून घाट, स्वयंपाकघराच्या खिडकीतून लोहगड-विसापूर. ढगाचे मी दोनच प्रकार केले होते, बसलेला आणि चालता. चालता ढग कितीही काळा असो, तो जातो, थोडं थांबलं की वाट मिळते. बसलेला ढग पांढराशुभ्र आणि गरीब दिसतो, पण तो लवकर उठत नाही. पायलटांना माझी ही भाषा पाठ झाली होती. 'मॅडम, बैठा है या चल रहा है,' एवढंच विचारायचे.

पेठेतलं मला घरातून दिसायचं नाही. तिथे रस्त्याला एका मावशींची चहाची टपरी होती आणि टपरीत नाणं टाकायचा लाल फोन. मी तिथे फोन करायचे.

'मावशी, गड दिसतोय का?'

'व्हय बाई, निम्मा दिसतोय. वरचं अंग न्हाई दिसत.'

'खालचा दरवाजा?'

'त्यो दिसतोय की. पर वारं लय सुटलंय हितं. माजी ताडपत्री उडाया लागलीय.'

पुढे लाल फोन गेला, मावशींच्या हातात मोबाइल आला, आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, पण प्रश्न तेच राहिले. दर वर्षी भात झोडपून झालं की मी त्यांच्याकडून घरचा इंद्रायणी तांदूळ घ्यायचे आणि दिवाळीला फराळ द्यायचे. ह्या व्यवहाराची धंद्यात कुठे नोंद नव्हती. माझीच नव्हती, तर मावशींची कुठून असणार.

आता वीसेक वर्षांनंतर ह्यांचे गुडघे गेले. मुलगा परदेशात, त्याला ह्यात रस नाही. नियम वाढले, मोठ्या कंपन्या उतरल्या, आणि त्यांतल्याच मुंबईच्या एका कंपनीने आमचा धंदा घेण्याची इच्छा दाखवली. विकण्याला माझा विरोध नव्हता, हे आधी सांगते. रोज सकाळी चहाच्या आधी आकाशाला तोंड दाखवायचा मलाही कंटाळा आला होता. मला फक्त एक हवं होतं. विकायच्या आधी कोणीतरी मोठ्याने म्हणावं की हे काम हिने केलं. कोणीतरी म्हणजे कोण, ते मात्र ह्या वेळी मला पक्कं माहीत होतं.

विक्रीची तयारी करून द्यायला पुण्याहून एक सल्लागार आला. मुलाच्या वयाचा, मला काकू म्हणणारा, चपला दाराबाहेर नीट जोडीने काढणारा. त्याचं एक वाक्य होतं, ते तो फिरूनफिरून म्हणायचा: धंदा मालकाशिवाय चालला पाहिजे. मालक उद्या उठून गेला तरी कोणाला कळता कामा नये. ह्यांना ते फार आवडलं. आयुष्यभर आपल्याशिवाय पान हलत नाही असं समजणाऱ्या माणसाला आपल्याशिवाय सगळं चालतं हे सिद्ध करायचा उत्साह आला.

आमच्या जेवणाच्या टेबलावर सल्लागाराने मोठा कागद पसरला आणि कामं लिहायला घेतली. परवानग्या कोण बघतं. टँकर कोण बघतं. इंधनाचे बॅरल कोण बघतं. हे उत्तरं देत होते, तो नावं लिहीत होता. मी पोहे आणत होते.

'आणि हवामान?'

'त्याला काय, ॲप असतं ना हल्ली,' हे म्हणाले. 'आणि घरून होतं ते.'

'घरून म्हणजे कोण?'

'घरूनच. बघतो आम्ही.'

मी पोह्यांवर खोबरं घालत उभी होते. सल्लागाराने कागदावर काय लिहिलं ते मी बघितलं नाही. त्याने पोहे छान झाल्याचं मात्र सांगितलं.

तो गेल्यावर मी ह्यांना विचारलं, माझं नाव घ्यायला तुम्हाला काय झालं होतं. भांडायच्या सुरात नव्हतं विचारलं, निदान सुरुवातीला नव्हतं. हे म्हणाले, 'अगं, तुला कळत कसं नाही. धंदा एका बाईच्या गॅलरीवर चालतो असं सांगितलं तर कोण घेईल? किंमत पडेल.' आणि हे खरं होतं, त्यामुळे मला जास्त राग आला. इतकी वर्षं मी असल्यामुळे धंदा चालला, आणि आता मी असल्यामुळे त्याची किंमत पडणार होती. मी म्हणाले, ठीक आहे, आत्ता नका सांगू. मग कधी?

'सह्या झाल्या की. त्याच टेबलावर, सगळ्यांच्या समोर सांगतो. शब्द देतो तुला.'

ह्यांनी मला शब्द म्हणून दिलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत, त्यामुळे मी त्यावर विश्वास ठेवला.

पुढचे काही महिने मी स्वतःला पुसायचं काम केलं. घरचं आणि धंद्याचं वेगळं करा, असा सल्लागाराचा हुकूम होता. घरचा जुना फोन बंद झाला. शेडमध्ये एक टेबल मांडून त्यावर नवा नंबर आला आणि टेबलापाशी एक मुलगी बसवली. चांगली होती मुलगी, नम्र, पण ती आकाशाकडे बघायची नाही, मोबाइलकडे बघायची. पायलट तिला विचारायचे, ती ॲपमधलं वाचून दाखवायची, ते थँक्यू म्हणायचे आणि मग मला माझ्या मोबाइलवर फोन करायचे. हे म्हणायचे, तू उचलू नकोस, त्यांना सवय लागू दे. मी म्हणायचे, दरीत पडायची सवय लागू दे का? मी उचलायचे. ह्यावरून आमच्यात रोज वाजायचं.

पेठेतल्या मावशींना मी सांगितलं की आता धंदा दुसऱ्यांकडे जाणार.

'मंग आता तुमी फोन न्हाई करनार?'

'करीन की. गप्पा मारायला करीन.'

'गप्पांला कुटं सवड हाय बाई कुनाला,' त्या म्हणाल्या. 'गड दिसतोय का म्हनून इच्यारायचा, तेवढ्यात गप्पा बी व्हायच्या.'

गणपती जाऊन थोडे दिवस झाले होते तेव्हा विकत घेणाऱ्या कंपनीचे साहेब सगळं बघायला यायचं ठरलं. ते स्वतः हेलिकॉप्टरने येणार, आमच्या पॅडवर उतरणार, आमची माणसं, आमची पद्धत डोळ्यांनी बघणार. ह्यांनी नवा कोट शिवला. चुन्याचा गोल दोनदा आखून घेतला. पेठेत मांडव घातला, फुलांच्या माळा लावल्या. जेवणाचं माझ्याकडे होतं.

त्या सकाळी हे कोट घालून, गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभे असताना माझा मोबाइल वाजला. जुना पायलट होता, नेहमीचा. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. मी गॅलरीत होतेच, उठल्यापासून तिथेच होते. नागफणी दिसत होती, अगदी टोकापर्यंत, सकाळच्या उन्हात चमकत होती. पण दरी भरलेली होती, आणि खंडाळ्याच्या बाजूने ढग येऊन सुळक्याच्या खांद्याला टेकला होता. बसलेला. पेठेत मी आधीच विचारून ठेवलं होतं, मावशी म्हणाल्या होत्या, 'गड सोडा, समोरचा आंबा बी दिसत न्हाई.'

मी पायलटला म्हणाले, एक मिनिट. आणि ह्यांच्याकडे बघून 'नाही' म्हणून मान हलवली.

हे गॅलरीत आले. आमच्या संसारात मी त्यांना त्या गॅलरीत आकाशाकडे बघताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. 'दिसतोय की चांगला सुळका,' म्हणाले. मी म्हणाले, सुळका दिसतोय, वाट दिसत नाही. म्हणाले, ॲपवर स्वच्छ दाखवतंय. म्हणाले, आजचा दिवस आहे, रोजचं नाही हे, तुला आजच कशी नाट लावायची सुचते. आणि माझ्या हातातून फोन घेतला.

'कॅप्टन, इधर सब क्लिअर है. आप निकलिए,' हे त्यांच्या नव्या आवाजात म्हणाले.

 पलीकडून पायलट शांतपणे म्हणाला, आणि ते मला लांबूनही ऐकू आलं, 'सर, फोन मॅडम को दीजिए.'

ह्यांचा चेहरा मी तेव्हा बघायला नको होता. पण बघितला. चिडले असते तर मला चाललं असतं, पण ते चिडले नव्हते. आपल्या घरात, आपल्या धंद्याच्या फोनवर, आपला शब्द कोणी घेत नाही हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि ते माझ्यामुळे कळलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला नाही, कठड्यावर ठेवला. मी उचलला आणि म्हणाले, बसलाय. निघू नका.

साहेब गाडीने आले. घाटात अडकले, तासन्तास अडकले, आणि पेठेत पोचले तेव्हा दुपार झाली होती नि लख्ख ऊन पडलं होतं. गड पायथ्यापासून माथ्यापर्यंत असा दिसत होता की वर चढणारी माणसं मोजता आली असती. मांडवातली फुलं सुकली होती. साहेबांनी गाडीतून उतरून आकाशाकडे बघितलं आणि विचारलं, 'कुठे आहे तो ढग?' सगळे हसले. हेही हसले. म्हणाले, पायलट लोक हल्ली फार जपून असतात.

'पायलट म्हणाला, लोणावळ्याच्या मॅडमनी नको म्हटलं,' साहेब म्हणाले. 'ह्या मॅडम कोण?'

मी चार पावलांवर भाताचं पातेलं उतरवून घेत होते. हे म्हणाले, 'आमच्या मिसेस. घरून बघतात कधीकधी. हौस आहे तिला.'

हौस. भरतकामाची असते तशी. मी ह्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण साहेबांनी बघितलं. हसले नाहीत ते. घर विकत घेताना माणूस भिंतीवरच्या भेगेकडे बघतो तसं त्यांनी माझ्याकडे जरा वेळ निरखून बघितलं आणि मग जेवायला बसले. तांदूळ कुठला म्हणून चौकशी केली.

मी तेव्हाही मनाची समजूत घातली. किंमत पडू नये म्हणून बोलले असतील, सह्या व्हायच्या आहेत अजून. शब्द दिलाय.

व्यवहार मोडला नाही. उलट त्या दिवसानंतर भराभर पुढे सरकला. एक दिवस कंपनीकडून दोन माणसं शिडी आणि ड्रिल घेऊन आमच्या घरी आली. गॅलरीत कॅमेरा बसवायचा होता. घाटाचं चित्र चोवीस तास मुंबईच्या ऑफिसात दिसणार. त्यांनी गॅलरीभर फिरून जागा शोधली, आणि शेवटी बरोबर मी जिथे उभी राहते तिथेच, माझ्या डोक्याच्या उंचीला, भिंतीत भोक पाडलं. दुसरा एक स्वयंपाकघराच्या खिडकीला. मी त्यांना विचारलं, कॅमेऱ्याला ढग बसलेला कळतो का चालता? ते म्हणाले, काकू, सगळं कळतं त्याला, एचडी आहे. जाताना एकजण म्हणाला, 'पावसात काचेवर पाणी धरतं, तेवढी मधूनमधून पुसत जा हं.'

हे तेव्हा सोफ्यावर बसून होते.   मी भिंतीचा चुरा गोळा केला.

सह्या दिवाळीच्या थोड्या आधी झाल्या, पुण्यात, वकिलांच्या ऑफिसात. लांबलचक टेबल, एका बाजूला साहेब आणि त्यांची माणसं, एका बाजूला आम्ही आणि सल्लागार. मला वाटलं होतं मी नुसती सोबत म्हणून आले आहे. पण त्यांची वकील मुलगी म्हणाली की एका ठिकाणी माझीही सही लागेल. तिने ते कलम इंग्रजीत वाचलं आणि मग मला नीट मराठीत समजावून सांगितलं. विकणाऱ्याने आणि त्याच्या पत्नीने, इथे माझं पूर्ण नाव होतं, पुढची पाच वर्षं ह्या भागातल्या हवामानाची, ढगांची किंवा वाऱ्याची माहिती कोणालाही, कोणत्याही प्रकारे द्यायची नाही. पैसे घेऊन किंवा न घेता.

'न घेतासुद्धा?' मी विचारलं.

'न घेतासुद्धा,' ती म्हणाली. तिला बिचारीला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी आजवर न घेताच केलं होतं. ह्या धंद्याच्या कुठल्याही कागदावर माझं नाव कधी आलं नव्हतं. परवान्यावर नाही, पावतीवर नाही, भिंतीवरच्या फोटोखाली नाही. आलं ते पहिल्यांदाच इथे, गप्प बसण्यासाठी. त्या टेबलावर माझी किंमत एकाच माणसाला कळली होती, समोर बसलेल्या साहेबांना, आणि त्यांनी ती मला कुलूप लावण्यासाठी मोजली होती.

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हळूच म्हटलं, 'कर ना सही. मग आहेच ते.' मग आहेच ते म्हणजे काय, ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. त्यासाठीच मी सही केली. लोकांना वाटेल पैशासाठी केली, किंवा नवऱ्याचे गुडघे बघून केली. तेही असेल थोडं. पण पेन हातात घेतलं तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की आता हे उठतील आणि म्हणतील.

आणि हे उठले. पेढे वाटून झाले होते. ह्यांनी घसा साफ केला आणि खरंच बोलायला लागले. सल्लागाराचे आभार मानले. पेठेतल्या जागामालकांचे मानले. टँकरवाल्याचं नाव घेऊन मानले, चुना मारणाऱ्यांचे मानले, सरकारी ऑफिसातल्या एका कारकुनाचेही मानले. मी हातातला पेढा तसाच धरून होते.  शेवटी हे जरा थांबले, माझ्या बाजूला वळले असं मला वाटलं, आणि म्हणाले, 'आणि हो, इतक्या वर्षांत एकही अपघात नाही. निसर्गाचीही साथ मिळाली.'

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे बसले आणि पाणी प्यायले.

विसरले असतील, असं मी स्वतःला सांगून बघितलं. विसरले नव्हते. फोन कठड्यावर ठेवताना जो चेहरा झाला होता, तोच बोलताना एक क्षणभर होता. त्या सकाळची परतफेड त्यांनी भरल्या टेबलावर केली, हसतमुखाने, आणि ती माझ्याशिवाय कोणाला कळलीही नाही. सल्लागाराने शिकवलेलं त्यांना छान जमलं होतं. मी पेढा टिश्यूत गुंडाळून टेबलावर ठेवला.

परत येताना जुन्या हायवेने आलो. हे गाडी चालवत होते आणि फार खूश होते. तळेगाव गेलं तेव्हा म्हणाले, आता आपण दोघं फिरायला जाऊ कुठेतरी. वडगावच्या पुढे एसी बंद करून त्यांनी काच खाली केली आणि हात बाहेर काढला. मी माझी काच वर केली. परतीच्या पावसाचे दिवस होते. पुण्याकडून आमच्या मागून येणारं आभाळ मी आरशात मघापासून बघत होते. चालता ढग होता, खाली काळा, वरून फुललेला, आणि चांगला पळत होता.

कामशेतच्या अलीकडे ह्यांनी मान बाहेर काढून वर बघितलं. मग सहज, जसं काही रोजच विचारतात तसं, म्हणाले, 'पाऊस गाठेल का गं आपल्याला?'

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं.

'कोणालाही सांगायचं नाही अशी सही केली आहे मी,' मी म्हणाले. 'त्यांच्या ऑफिसला फोन करून विचारा.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परत रस्त्याकडे बघितलं. काच तशीच उघडी ठेवून गाडी चालवत राहिले. मी पदर आवरून घेतला आणि मांडीवरची कागदपत्रांची पिशवी माझ्या बंद काचेच्या बाजूला सरकवली.